पुराच्या दिवसांत रक्ततपासणी कशी चालते?

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री गावात शिरली, ते दिवस तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली, कित्येक वस्त्यांत दोन-दोन तीन-तीन दिवस वीज नव्हती, आणि बडोद्याच्या रस्त्यांवर आलेल्या मगरींची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. शाळा बंद, बँका बंद, दुधाची पिशवी मिळणे मुश्कील. रुग्णालयाला मात्र असे कुलूप लावता येत नाही.

आम्ही तिघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. शहरातल्या निरनिराळ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करतो. गेल्या स्नेहसंमेलनात एका पालकांनी आम्हाला विचारले, "डॉक्टर ट्रॅक्टरमधून आले, नर्सबाई होडीतून आल्या हे पेपरात वाचले. पण तुमचे ते रक्ताचे रिपोर्ट कसे चालू होते हो?" जेवणाच्या पंगतीत नीट उत्तर देता आले नाही. मुख्याध्यापकांनी मग तेच लिहून मागितले, म्हणून हा लेख.

प्रयोगशाळा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठे यंत्र येते. नळी आत जाते, कागद बाहेर येतो. संकटात हे यंत्र सहसा बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या भोवतीचे. यंत्राला वीज लागते, आणि तीही वर-खाली न होणारी. जीवरसायन तपासणीच्या यंत्राला तासाला कितीतरी लिटर शुद्ध केलेले, क्षार काढलेले पाणी लागते. गावभर कमरेएवढे पाणी असते आणि यंत्रासाठी बादलीभर नसते, हा विनोद आम्ही त्या तीन दिवसांत अनेकदा केला. तपासणीची रसायने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. रक्तपेढीतल्या लाल पेशी २ ते ६ अंशांत, रक्तद्रव्य उणे ३० अंशांखाली, आणि बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स २०-२४ अंशांत, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांतच बाद होतात. बिंबिकांचा साठा करून पावसाळा काढता येत नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

शिवाय माणसे लागतात. रुग्णालय नदीच्या एका बाजूला आणि आमची घरे दुसऱ्या बाजूला. पूल बंद झाले की जे कामावर आहेत ते आत अडकतात, जे घरी आहेत ते घरी अडकतात. आमच्यापैकी एकजण मंगळवारी सकाळी आठ तासांच्या पाळीसाठी गेला आणि शुक्रवारी दुपारी घरी आला.

विजेबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण "जनरेटर आहे ना!" हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी नावाचे वादळ न्यूयॉर्कला धडकले. तिथले बेलव्ह्यू हे अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरकारी रुग्णालयांपैकी एक. त्याचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, म्हणजे पुरापासून अगदी सुरक्षित. पण त्यांना इंधन वर चढवणारे पंप तळघरात होते. नदीचे पाणी तळघरात भरले आणि पंप बंद पडले. मग कर्मचारी, स्वयंसेवक आणि नॅशनल गार्डचे जवान जिन्यावर रांग करून उभे राहिले आणि हातोहात इंधनाचे डबे तेरा मजले वर पोचवत राहिले. जनरेटर चालू राहिले, तरी शेवटी सगळे रुग्ण हलवावेच लागले. जवळच्याच एका विद्यापीठाच्या रुग्णालयातून त्या रात्री तीनशेहून अधिक रुग्ण अंधाऱ्या जिन्यांवरून खाली आणले, त्यांत नवजात बालकेही होती. ह्या हकिगतीतला तेराव्या मजल्याचा भाग कुणालाही सुचतो. पंप कुठे आहे, हा प्रश्न मात्र आधी विचारावा लागतो.

आमच्याकडेही एक पंप निघालाच. ज्या रुग्णालयात आमच्यापैकी एकीची नोकरी आहे, तिथे प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, पण रसायनांचा राखीव साठा तळघरातल्या शीतपेटीत. वर्षानुवर्षे तसेच चालत आले होते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस झाला तेव्हा त्या तळघरात घोटाभर पाणी आले होते. पुसून काढले आणि विसरलो. २०२४ ला ते छातीपर्यंत आले. पेटी तरंगून आडवी झाली होती. वरच्या मजल्यावर जे उरले होते ते नेहमीच्या कामाच्या हिशेबाने दीड दिवसाचे होते.

आता खरा प्रश्न. दीड दिवसाची रसायने आहेत, पाऊस थांबलेला नाही, पूल कधी उघडेल ठाऊक नाही. मग काय तपासायचे आणि काय नाही? हे त्या क्षणी ठरवायला बसले तर भांडणे होतात, कारण प्रत्येक डॉक्टरला आपल्या रुग्णाची तपासणी तातडीचीच वाटते. म्हणून यादी आधीच करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन भिंतीवर लावलेली असावी लागते. आमच्या यादीत आठ-नऊच नावे आहेत. रक्तगट आणि क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी व बिंबिकांची संख्या, रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, धमनीच्या रक्तातले वायू, हृदयविकाराच्या झटक्यासाठी ट्रोपोनिन, आणि मलेरियाची काचपट्टी. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी हे सगळे थांबते. आठवडाभराने केले तरी त्याने कुणाच्या जिवाला धोका होत नाही.

या यादीत पोटॅशियम का, असा प्रश्न मुलांना पडेल. केळ्यात असते ते हेच पोटॅशियम. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच असते. बाकीचे सारे पेशींच्या आत, विशेषतः स्नायूंत, कोंडलेले असते. भूकंपात माणूस ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबला की स्नायू चिरडतात. तो बाहेर काढला जातो, बोलतो, पाणी मागतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि त्याच वेळी चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरत असते. ते साडेसहा-सातच्या पुढे गेले की हृदय अचानक थांबू शकते. सोबत स्नायूंतले लाल द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकते आणि लघवी बंद होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव झाला, तेव्हा घरांखाली सापडलेल्या लोकांत बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली हे ओळखून लिहून ठेवले. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात मार्मारा भागात भूकंप झाला, तेव्हा मूत्रपिंडाचा त्रास झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले. कुणाला आधी घ्यायचे, हे अशा वेळी पोटॅशियमच्या आकड्यावर बरेचसे ठरते. प्रयोगशाळा मुळीच नसेल तर डॉक्टर ईसीजीवरून अंदाज घेतात, कारण पोटॅशियम वाढले की त्यातली एक लाट उंच आणि टोकदार होते. पण काही रुग्णांत ती होतही नाही, म्हणून आकडा हवाच.

आपल्या गुजरातचे उदाहरण घरातल्या मोठ्यांना विचारा. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छचा भूकंप झाला, त्याचे हादरे बडोद्यातही बसले. भुजचे मुख्य सरकारी रुग्णालयच कोसळले. रुग्णालय गेले की त्याबरोबर त्याची रक्तपेढी, प्रयोगशाळा, एक्स-रे सगळेच जाते. जखमींवर ज्युबिली मैदानात उघड्यावर उपचार झाले. त्या ठिकाणी पुढे जे नवे रुग्णालय बांधले, ते शिसे आणि रबराच्या जाड गाद्यांवर उभे केले आहे. जमीन हलली तरी वरची इमारत तिच्याइतक्या जोराने हलू नये, यासाठी ही योजना. जपानमध्ये इशिनोमाकी शहरात असेच घडले होते. तिथले रेड क्रॉसचे रुग्णालय २००६ साली समुद्रापासून आत, अशाच पायावर नव्याने बांधले. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्याजवळचे महापालिकेचे रुग्णालय पाण्यात गेले आणि साऱ्या परिसराचा भार या एका इमारतीवर आला. ती पाच वर्षांपूर्वी हलली नसती तर काय, याचा विचार आमचे विश्वस्त नव्या इमारतीचा नकाशा काढताना करतील अशी आशा आहे. (संगणककक्ष तळमजल्यावर नको, एवढेच म्हणतो!)

पुन्हा आपल्या पुराकडे येऊ. वीज गेली, यंत्र बंद, तर काहीच होत नाही का? होते. आम्ही शिकलो तेव्हा हातानेच करायला लावत, आणि आम्ही कुरकुर करत असू. पांढऱ्या पेशी मोजायला न्यूबावर चेंबर नावाची आखीव चौकटींची काच असते. त्यात रक्त पातळ करून घालायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक-एक पेशी मोजायची. हिमोग्लोबिन सालीच्या नळीत रंग जुळवून सांगता येते, थोडे ढोबळ, पण "रक्त चढवायचे की नाही" एवढ्याला पुरते. मलेरियासाठी काचपट्टी रंगवायची. रक्तगट तर साध्या पांढऱ्या टाइलवर किंवा नळीत होतो. जुन्या सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही तोच वापरता आणि दिव्याचा नवा हवा म्हणून हट्ट धरता. पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ढग जरा फाटले, तेव्हा आम्ही तो आरशाचा सूक्ष्मदर्शक कपाटातून काढून खिडकीत ठेवला आणि अकरा रुग्णांच्या पेशी मोजल्या. डोळे दुखून आले.

पोटॅशियम मात्र हाताने होत नाही. त्यासाठी आता हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे मिळतात. दोन-तीन थेंब रक्त, एक पट्टी आणि काही मिनिटांत उत्तर. त्यांच्या पट्ट्याही थंडच ठेवाव्या लागतात, हे घेताना कुणी सांगत नाही. थंडीसाठी आम्ही लसीकरण विभागाकडे हात पसरले. सरकारी लसीकरणात बर्फाचे अस्तर असलेली शीतपेटी वापरतात. ती वीज नसतानाही बराच काळ थंड राहते, कारण मुळात गावोगावच्या भारनियमनाचा विचार करूनच ती बनवलेली आहे. बाकीच्या फ्रिजना आम्ही चिकटपट्टी लावून वर लिहिले, "उघडू नये." दार न उघडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आणि पाळायला सर्वांत अवघड.

आता जे सांगायचे आहे ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तपासणी बंद पडणे वाईट. पण तपासणी चालू आहे आणि उत्तर चुकीचे आहे, हे त्याहून वाईट. बंद असेल तर डॉक्टरला ठाऊक असते की आपल्याकडे आकडा नाही. तो नाडी बघतो, ईसीजी काढतो, अंदाजाने सावधपणे वागतो. चुकीचा आकडा मात्र छापील कागदावर येतो आणि त्यावर सगळे विश्वास ठेवतात.

पुरात उत्तर चुकण्याच्या वाटा किती? एक म्हणजे वेळ. एरवी पंधरा मिनिटांत येणारी नळी पाण्यातून फिरून तीन तासांनी येते. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्या बसल्या बसल्या साखर खातात, दर तासाला शेकडा पाच ते सात या हिशेबाने. मधुमेही माणसाची २०० असलेली साखर प्रयोगशाळेत १७० दिसते. त्यावर तोडगा म्हणजे राखाडी टोपणाची नळी; तिच्यात फ्लोराइड असते, ते पेशींचे हे खाणे रोखते. उशीर झाला, नळी हिंदकळली, पेशी फुटल्या, की त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि रुग्ण ठणठणीत असून आकडा साडेसहा दिसतो. घाईत कुणी जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतले, तरी तेच होते, कारण जांभळ्या नळीतल्या औषधातच पोटॅशियम असते. अशा वेळी कॅल्शियम विचित्र कमी दिसते, त्यावरून जुना तंत्रज्ञ चोर पकडतो.

दुसरी वाट नावाची. पुरातून होडीत आलेल्या बेशुद्ध माणसाचे नाव कोण सांगणार? एका तासात तीन "अनोळखी पुरुष" आले, तर नळ्यांवर काय लिहायचे? रक्तगटाच्या नळीची अदलाबदल झाली आणि 'ओ' गटाच्या माणसाला 'ए' गटाचे रक्त चढले, तर काही मिनिटांत जिवावर बेतते. म्हणून नाव नसले तरी क्रमांक हवा. मनगटावरच्या पट्टीचा आणि नळीवरचा तोच हवा. आणि तो खाटेपाशी उभे राहून लिहायचा, टेबलावर जाऊन नाही. अगदीच वेळ नसेल तर 'ओ' गटाचे रक्त जुळवणीशिवाय देतात, पण तेही नमुना आधी काढून ठेवून, कारण नंतर खरा गट शोधायचा असतो.

संगणक बंद झाला की कागद. आमच्या विभागात एक जाड वही आणि कार्बन कागद कायम तयार असतात. नव्या मुलांना त्याचे हसू येते. पुरात मोबाइलचे टॉवरही बंद होते, तेव्हा वॉर्डबॉय चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होते. चिठ्ठी देताना आकडा मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने तो पुन्हा वाचून दाखवायचा, हा नियम केला. पाचाचा सहा होऊ नये म्हणून. सुवाच्य अक्षरासाठी आम्हाला छड्या खाव्या लागल्या होत्या त्या बाईंची फार आठवण झाली.

पाणी ओसरले म्हणजे काम संपत नाही, उलट वाढते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. नेहमीची प्रतिद्रव्यांची तपासणी पहिल्या काही दिवसांत नकारात्मकच येते, म्हणून "रिपोर्ट चांगला आहे" असे समजून पालकांनी ताप अंगावर काढू नये, डॉक्टर सांगतील ते औषध पूर्ण घ्यावे. डेंग्यूचेही तसेच, पहिल्या दिवसांत वेगळी तपासणी लागते, नंतर वेगळी. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला ती तारीख घरात लिहून ठेवा. चिठ्ठीवर ती तारीख असली की आमचे निम्मे काम सोपे होते.

शेवटी चौथ्या दिवसाची गोष्ट सांगतो. सकाळी दहाला वीज आली. व्हरांड्यात नातेवाइकांची गर्दी, हातात चिठ्ठ्या, आणि आम्ही यंत्रात एकाही रुग्णाची नळी घातली नाही. तीन दिवस बंद पडलेले, उकाड्यात राहिलेले यंत्र खरे बोलते की नाही, हे आधी पाहायचे असते. त्यासाठी 'कंट्रोल' नावाचे रक्तद्रव्य मिळते, ज्यातली प्रत्येक घटकाची किंमत आधीच ठाऊक असते. ते घालायचे, आणि यंत्र तीच किंमत सांगते का बघायचे. पहिल्या खेपेला साखर बरोबर आली, क्रिएटिनिन बरोबर आले, पोटॅशियम जास्त आले. एक गृहस्थ खिडकीशी येऊन संतापाने म्हणाले, "लाइट आली, मशीन चालू दिसते आहे, मग तुम्ही बसून काय आहात?" त्यांचे वडील डायलिसिसवर होते, दोन डायलिसिस चुकले होते. त्यांना नेमका पोटॅशियमचाच आकडा हवा होता. आमच्यातल्या एकीने त्यांना आत बोलावून कंट्रोलचा कागद दाखवला आणि छोट्या यंत्रासाठी उरलेल्या शेवटच्या दोन पट्ट्यांपैकी एक त्यांच्या वडिलांसाठी वापरली. मोठ्या यंत्राचा इलेक्ट्रोड धुतला, बदलला, पुन्हा मानांकन केले, पुन्हा कंट्रोल घातले. दुसऱ्या खेपेला सगळे आकडे जागेवर आले. पावणेबाराला पहिल्या रुग्णाची नळी आत गेली.